बर्ड फ्लू म्हणजे स्वाइन फ्लू नव्हे

बर्ड फ्लूची बातमी आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी हमखास विचारतं, "हा तोच ना, २००९ ला पुण्यात आलेला?" नाही हो, तो स्वाइन फ्लू. दोन्ही इन्फ्लुएंझाच, दोन्ही प्राण्यांकडून आलेले, म्हणून घोळ होतो, पण भीती कशाची बाळगायची हे या फरकावरच ठरतं.

बर्ड फ्लू म्हणजे मुख्यतः एच५एन१ नावाचा व्हायरस. भारतात तो पहिल्यांदा सापडला फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या, पोल्ट्रीवाले पार बसले, पण माणसांत एकही केस निघाली नाही. कारण हा व्हायरस पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला (म्हणजे आत शिरायच्या दाराला) चिकटतो तो आपल्यात मुख्यतः फुप्फुसात खोलवर असतो, त्यामुळे सहज लागण होत नाही आणि झालीच तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. २००३ पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या ९०० हून जास्त केसेसपैकी जवळपास निम्मी माणसं गेली.

स्वाइन फ्लूचा एच१एन१ नाका-घशातच चिकटतो, मग काय, एक शिंक पुरते. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको-अमेरिकेत दिसला, ११ जूनला महासाथ जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात. मास्क संपलेले, जो तो तोंडाला रुमाल बांधून, शाळा बंद, ते दिवस मला लख्ख आठवतात. मृत्यूचं प्रमाण मात्र बर्ड फ्लूच्या मानाने खूपच कमी, आणि तो व्हायरस आज साध्या सीझनल फ्लूसारखा फिरतोय.

खरी काळजी आहे ती एकाचा जीवघेणेपणा आणि दुसऱ्याचं पसरणं एकत्र येण्याची. डुकरात पक्ष्यांच्या आणि माणसांच्या अशा दोन्ही फ्लूंना चिकटता येणारे रिसेप्टर असतात, तिथे व्हायरस आपसात जीन्स (जनुकं) बदलतात, २००९ च्या व्हायरसमध्येही डुक्कर, पक्षी आणि माणूस तिन्हींकडचे जीन्स होते. त्यात २०२४ मध्ये एच५एन१ अमेरिकेतल्या दुभत्या गायींत शिरला, गोठ्यातल्या काही कामगारांचे डोळे लालभडक झाले. माणसाकडून माणसाकडे तो अजून सलग पसरलेला नाही, पण सस्तन प्राण्यांत तो जितका फिरेल तितकी त्याला बदलायची संधी.

बाकी नीट शिजवलेलं चिकन, अंडी खुशाल खा. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर मात्र उघड्या हाताने उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना आधी हेच सांगा की मी मेलेल्या कोंबड्या हाताळल्यात.