सबवूफरच्या पोटातला अ‍ॅम्प्लिफायर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘सबवूफरसाठी (म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरसाठी) अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड दाखवा’ म्हटलं की काउंटरवर साधारण दोन जातींचे बोर्ड येतात. एक जाडजूड, ‘५२००-१९४३’ या क्रमांकांच्या ट्रान्झिस्टरचा: उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या लांब हीटसिंकवर ओळीने आवळलेल्या त्यांच्या जोड्या, आणि सोबत हात खाली ओढणारा ट्रान्सफॉर्मर. दुसरा तळहातावर मावणारा, मधोमध एक चिप आणि शेजारी तांब्याच्या तारेची वेटोळी. पहिला क्लास एबी, दुसरा क्लास डी.

मी आधी पहिला घेतला, कारण हातात वजन लागलं. माहीमच्या घरात तो टीव्हीखालच्या बंद कपाटात बसवला. मे महिन्यात अर्धा सिनेमा होईपर्यंत हीटसिंकला बोट लावता येत नसे, आणि मग संरक्षक सर्किट आवाजच तोडून टाकी.

दोष बोर्डाचा नव्हता. क्लास एबीमधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा चालतो. पुरवठ्याचं व्होल्टेज आणि स्पीकरला हवं असलेलं व्होल्टेज यांतला सगळा फरक तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्याची उष्णता करतो. कागदावर त्याची कार्यक्षमता ७८.५ टक्क्यांपर्यंत जाते, पण ती पूर्ण आवाजात. २०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ५० वॅट देत असेल, तर तीच फार तर ३९ टक्के उरते. म्हणजे १२७ वॅट खेचायचे आणि त्यातले ७७ कपाट तापवायला घालायचे.

क्लास डीमधला ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद, आणि या दोन्ही अवस्थांत त्याच्यावर फारशी वीज वाया जात नाही. सेकंदाला काही लाख वेळा तो उघडझाप करतो. आवाजाची लाट वर चढली की चालू राहण्याचा वेळ वाढतो, खाली आली की घटतो. पुढची वेटोळी आणि कपॅसिटर ही उघडझाप गाळून मूळ लाट तेवढी स्पीकरकडे सोडतात. (‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे, ‘सी’नंतरचं अक्षर, एवढंच.)

१९६४ मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअरने ‘एक्स-१०’ नावाचं क्लास डी किट विकायला काढलं, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाला पुरे पडत नव्हते. ‘क्लास डी कर्कश वाजतो’ हा समज आजही भेटतो. सबवूफरला तो लागूच पडत नाही. या गाळणीचे दोष दिसतात ते ऐकू येणाऱ्या पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला. सबवूफरचं काम २० ते १२० हर्ट्झमध्येच संपतं. शिवाय खर्जात स्पीकरचा कोनच आवाज इतका वेडावाकडा करतो की अ‍ॅम्प्लिफायरची बारीकसारीक विकृती त्यात बुडून जाते.

खर्जाला हवे असतात भरपूर वॅट. २० हर्ट्झचा आवाज ७८ डेसिबलच्या आसपास पोचेपर्यंत आपल्या कानाला कळतही नाही. बंद पेटीत कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट हलावं लागतं, आणि १० डेसिबल वाढवायचे तर दहापट वीज. डॅम्पिंग फॅक्टरचे (अ‍ॅम्प्लिफायर कोनाची हालचाल किती आवरून धरतो, त्याचे) मोठमोठे आकडे पाहून जास्त पैसे मोजू नयेत. स्पीकरच्या कॉइलचाच तीनेक ओहमचा रोध त्या आकड्यांचा फायदा खाऊन टाकतो.

मात्र क्लास डी घेताना बोर्ड हाफ ब्रिज (स्पीकरची एकच तार चालवणारा) आहे की फुल ब्रिज (दोन्ही तारा चालवणारा), हे जरूर विचारा. हाफ ब्रिजला धन आणि ऋण असे दोन पुरवठे लागतात. २० हर्ट्झला प्रवाह २५ मिलिसेकंद एकाच दिशेने वाहतो, आणि तेवढ्या वेळात वेटोळ्यातली ऊर्जा दुसऱ्या पुरवठ्यात परत लोटली जाते. तिथलं व्होल्टेज चढत जातं, आणि ऐन दणक्यात बोर्ड बंद पडतो. कपॅसिटर मोठे असले तर निभावतं. फुल ब्रिजमध्ये ही ऊर्जा त्याच पुरवठ्यात फिरते, म्हणून मी तोच निवडला. फक्त त्याच्या स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात. जुन्या सवयीने काळी तार पत्र्याच्या पेटीला जोडली, तर चिप जळू शकते.