संतापुढे चालणारा बँड: अमेरिकेतल्या इटालियन फेस्तांची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, विल्यम्सबर्ग भागात, दर जुलैत सुमारे 80 फूट उंचीचा एक मनोरा रस्त्यावर नाचवला जातो. त्याचं नाव जिल्यो. शेंड्यावर संत पावलिनस यांची मूर्ती, खाली कागदाच्या लगद्याची फुलं आणि देवदूत, आणि तळाच्या चौथऱ्यावर अख्खा बँड: ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ड्रम, शिवाय माईक धरलेला गायक. शंभराहून जास्त माणसं हे कित्येक टनांचं ओझं वादकांसकट खांद्यावर घेतात. पुढे उभा असलेला ‘कापो’, म्हणजे म्होरक्या, इशारा करतो, गाणं सुरू होतं आणि ठरलेल्या ठेक्यावर सगळे खांदे एकदम वर येतात. कुठे वळायचं, कुठे डोलवायचं, कुठे खाली ठेवायचं, हे सगळं गाण्याच्या चालीवर चालतं. नेपल्सजवळच्या नोला गावातून आलेल्या लोकांनी 1903 साली ही प्रथा इथे सुरू केली.

त्या चौथऱ्यावरच्या बँडचं मूळ शोधायचं तर दक्षिण इटलीतल्या गावांकडे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बहुतेक लहान गावांत नाट्यगृह नव्हतं, आणि असलं तरी शेतमजुराला तिकीट परवडणारं नव्हतं. वेर्दी, रोस्सिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती या संगीतकारांचे ऑपेरे, म्हणजे गाऊन सादर होणारी नाटकं, या माणसांपर्यंत पोहोचले ते गावच्या बँडमुळे. ग्रामदैवत म्हणावं अशा संताच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, चौकात दिव्यांनी लखलखणारा लाकडी मंडप उभा राहायचा. दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात त्याला ‘कास्सार्मोनिका’ म्हणतात. त्यात बसून बँड ऑपेऱ्यातले प्रवेशच्या प्रवेश वाजवायचा. गायिकेची ओळ एका पितळी वाद्यावर, नायकाची दुसऱ्यावर, खर्जातल्या खलनायकाची तिसऱ्यावर. त्यासाठी ‘फ्लिकोर्नो’ नावाच्या वाद्यांचं वेगवेगळ्या पट्ट्यांतलं कुटुंबच वापरात होतं. शब्द नसतानाही ऐकणाऱ्याला कथा कळायची, कारण दरवर्षी तीच ऐकलेली असायची. पुलियातले काही बँड तर उन्हाळाभर गावोगावची फेस्तं करत हिंडायचे.

वाजवणारे बहुधा न्हावी, शिंपी, चांभार असे कारागीर असत. मुलाच्या हाती वाद्य लगेच दिलं जात नसे. आधी स्वरलिपी वाचायला शिकायचं, ती म्हणून दाखवायची आणि मास्तरांचं समाधान झालं की मग क्लॅरिनेट किंवा ट्रंपेट मिळायचा. ही शिस्त पुढे अमेरिकेत फार उपयोगी पडली.

तसे इटालियन वादक अमेरिकेला नवे नव्हते. 1805 साली अमेरिकेच्या मरीन दलाच्या बँडसाठी सिसिलीतल्या कातानियाहून वादक भरती करून वॉशिंग्टनला नेले होते. गाएतानो कारूसी त्यांचे प्रमुख. नेपल्समध्ये जन्मलेले फ्रान्सिस स्काला 1855 ते 1871 या काळात त्याच बँडचे प्रमुख होते, म्हणजे लिंकन यांच्या काळातही. पण ही मोजकी माणसं होती. मोठा लोंढा 1880 नंतर आला. पुढच्या 40 वर्षांत सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत उतरले, त्यातले बहुसंख्य दक्षिणेतले.

ही माणसं राहिली गावकीनं. एका गावचे लोक शक्यतो एकाच रस्त्यावर. त्यांनी गावाच्या किंवा संताच्या नावानं परस्पर साहाय्य मंडळं काढली. महिन्याची वर्गणी भरायची; आजारपणात मदत मिळायची आणि मेल्यावर रीतसर अंत्ययात्रा निघायची. अंत्ययात्रेला बँड हवाच. वर्षातून एकदा मंडळ संताची मूर्ती बाहेर काढायचं, तेव्हाही बँड हवाच. वादकांना काम मिळालं ते या मंडळांमुळे.

चर्चकडून मात्र सुरुवातीला फार आपुलकी मिळाली नाही. अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चवर तेव्हा आयरिश पाद्रींचा पगडा होता आणि रस्त्यावर वाजतगाजत चाललेली ही भक्ती त्यांना अडाणीपणाची वाटायची. कित्येक ठिकाणी इटालियनांची प्रार्थना चर्चच्या तळघरात व्हायची. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये माउंट कार्मेलच्या मातेचं फेस्त 1881 च्या सुमारास सुरू झालं, पण तिथल्या इटालियनांनाही बरीच वर्षं तळघरातच बसावं लागलं. मला वाटतं, बँडचं मोल नेमकं इथे कळतं. आत वरच्या मजल्यावर जागा नव्हती, तेव्हा बाहेरचा रस्ता एका दिवसापुरता का होईना त्यांचा झाला. बँड पुढे, मागे मूर्ती, मूर्तीच्या फितींना टाचलेल्या डॉलरच्या नोटा, आणि खिडक्या-खिडक्यांत उभे असलेले लोक. कुणी मोठी देणगी दिली की मिरवणूक त्याच्या दारात थांबायची आणि तिथे एक मार्च, म्हणजे कूच करतानाची धून, वाजायचा.

सार्वजनिक परेडची कहाणी जास्त कडवट आहे. मार्च 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात घुसून जमावानं 11 इटालियनांना ठार मारलं. पुढच्याच वर्षी कोलंबसच्या सफरीला 400 वर्षं पूर्ण झाली आणि इटालियन समाजानं वर्गणीतून उभारलेला त्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये बसला. तेव्हापासून कोलंबस दिनाची परेड म्हणजे ‘आम्हीही इथलेच’ असं सांगण्याची संधी झाली. बँड एकामागोमाग अमेरिकेचं राष्ट्रगीत आणि इटलीच्या एकीकरणाचा नायक गॅरिबाल्डी याचं गीत वाजवायचे. कोलंबसबद्दल आज जे आक्षेप घेतले जातात ते रास्त आहेत. तरी त्या पिढीला ही परेड का हवीशी वाटली, हे 1891 विसरून समजणार नाही.

व्यावसायिक बँडनाही या काळात बहर आला. नेपल्सचे जुझेप्पे क्रेआतोरे यांचा बँड 1902 च्या सुमारास शहरोशहरी गर्दी खेचत होता. पण खरा पाया गिरणी-खाणींच्या गावांत होता. पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट अलिक्विपामध्ये पोलाद कारखान्यात काम करणारे क्विंतो मान्चिनी घरी बासरी वाजवायचे. त्यांनी मुलालाही ती शिकवली. तो मुलगा बापाबरोबर गावातल्या ‘सन्स ऑफ इटली’ या इटालियन मंडळाच्या बँडमध्ये पिकोलो, म्हणजे छोटी बासरी, वाजवू लागला. पुढे जग त्याला हॉलिवूडचा संगीतकार हेन्री मान्चिनी म्हणून ओळखू लागलं.

1924 च्या कायद्यानं इटलीहून येणाऱ्यांचा कोटा वर्षाला 4 हजारांच्याही खाली आणला आणि नवे मास्तर, नवे वादक येणं जवळपास थांबलं. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यावर अनेक ठिकाणची फेस्तं बंद राहिली. युद्धानंतर तरुण कुटुंबं उपनगरांत गेली, रेकॉर्ड आणि रेडिओ तर आधीच घरोघरी आले होते, आणि ऑपेरा ऐकायला चौकात जायची गरज उरली नाही. बँड लहान होत गेले. लांबलचक ऑपेरा मागे पडला. मार्च, स्तोत्रं आणि नेपल्सची गाणी टिकली. काही वादकांना शेजारच्या चिनी वस्तीत काम मिळालं. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत चिनी अंत्ययात्रांपुढे पितळी बँड चालायची रीत पडली, त्यांत इटालियन वादकही होते.

आज यांतल्या अनेक बँडमध्ये सगळे वादक इटालियन वंशाचे नसतात. न्यू जर्सीतल्या हॅमंटनचं फेस्त 1875 पासूनचं, बॉस्टनच्या नॉर्थ एंडमधलं मच्छीमारांचं फेस्त 1910 पासूनचं, मॅनहॅटनच्या मलबेरी रस्त्यावरचं सान जेन्नारोचं 1926 पासूनचं. तिन्ही अजून चालू आहेत. ईस्ट हार्लेममधली इटालियन वस्ती जवळपास संपली, तरी जुलैत 115व्या रस्त्यावर मातेची मिरवणूक निघते, आणि तिच्यामागे चालणाऱ्यांत हैतीहून आलेल्या भाविकांची संख्या मोठी असते.