की वर्कर (ब्रिटन, कोविड लॉकडाऊन)

की वर्कर म्हणजे २०२० आणि २०२१ च्या लॉकडाऊनमधे ब्रिटनमधे ज्यांना कामासाठी घराबाहेर पडावंच लागलं ती माणसं. नर्स आणि डॉक्टर तर आलेच, पण केअर होममधे म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारे, भरवणारे, बस ड्रायव्हर, सुपरमार्केटमधे टिलवर म्हणजे पैसे घ्यायच्या काउंटरवर बसणारे, रात्री शेल्फ भरणारे, कचऱ्याच्या गाडीवरचे, पोस्टमन, वेअरहाऊसमधे पार्सलं पॅक करणारे, शिक्षक हे सगळे त्यात धरतात. आपल्याकडे त्याच वेळी 'अत्यावश्यक सेवा' हा शब्द घरोघरी झाला होता, जूनमधे मुंबईची लोकल परत सुरू झाली तीसुद्धा आधी फक्त त्यांच्यासाठीच, तर अर्थ साधारण तोच.

पण ही यादी आली कुठून ते बघण्यासारखं आहे. सरकारने ती १९ मार्च २०२० ला काढली ती शाळांसाठी. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी शाळा बंद होणार होत्या, आणि आई वॉर्डात आणि वडील बसवर, तर पोरांना बघणार कोण, म्हणून कुणाच्या मुलांना शाळेत येऊ द्यायचं ते ठरवायला ही यादी केली. त्यामुळे नुसतं यादीत नाव आलं म्हणून कुणाचा पगार वाढला नाही की आजारपणात भरपगारी रजा मिळाली नाही, मुलाला शाळेत जागा मिळाली एवढंच. पुढे ओएनएस या सरकारी आकडेवारी खात्याने २०१९ च्या आकड्यांवरून हिशोब काढला तेव्हा अशी १ कोटी ६ लाख माणसं निघाली, काम करणाऱ्या दर तिघांतला एक.

२३ मार्चच्या रात्री पंतप्रधान बोरिस जॉन्सननी टीव्हीवरनं सांगितलं की घरातच राहा, आणि २६ तारखेला त्याचा कायदा झाला. बाहेर पडायला मोजकीच कारणं चालायची, गरजेची खरेदी, दिवसातनं एकदा व्यायाम, औषधपाणी किंवा कुणाची मदत, आणि घरनं होणारच नाही असं काम. या शेवटच्या कारणात सगळी गोष्ट आहे. एप्रिल २०२० मधे ४६.६ टक्के नोकरदार लोकांनी थोडंफार तरी काम घरनं केलं. ज्यांचं काम बंदच पडलं त्यांच्यासाठी फर्लो होता, म्हणजे सरकार पगाराचे ८० टक्के देणार, महिन्याला जास्तीत जास्त २५०० पौंड, आणि ही योजना सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत चालली आणि तिने खरोखर लाखो घरं तगवली हे मान्य करायलाच पाहिजे. उरले ते ज्यांचं काम बंदही झालं नाही आणि घरनंही होईना.

दुकानांबाहेर दोन-दोन मीटरवर पट्ट्या मारलेल्या, लोक ट्रॉली घेऊन रांगेत, आत टॉयलेट पेपर, पास्ता आणि पीठ संपलेलं. पिठाचं कारण फार कमी लोकांना माहीत होतं. गिरण्यांत पीठ भरपूर होतं, पण ब्रिटनमधे फक्त ४ टक्के पीठ दुकानातनं घरी जातं, बाकी बेकऱ्या आणि कारखान्यांना मोठ्या पोत्यांतनं किंवा टँकरने जातं, आणि छोट्या पिशव्या भरणाऱ्या मशिनी तेवढ्याच. त्या मशिनींवर माणसं दिवसरात्र राबत होती आणि तरी शेल्फ रिकामं दिसायचं, आणि रिकाम्या शेल्फचा राग ऐकून घ्यायला समोर उभं कोण, तर दुकानात काम करणारी पोरगी.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, सिक पे. आजारी पडल्यावर कायद्याने मिळणारा भत्ता तेव्हा आठवड्याला ९५.८५ पौंड होता. एप्रिल २०२० पासून २५ वर्षांवरच्यांना किमान वेतन तासाला ८.७२ पौंड, म्हणजे आठवड्याला ४० तास भरले तर ३४८ पौंड, आणि खोकला आला म्हणून घरी बसलं तर ९५. त्यातसुद्धा आठवड्याची सरासरी कमाई १२० पौंडांच्या खाली असेल तर तेही नाही, म्हणजे दोन ठिकाणी थोडेथोडे तास काम करणारी बाई दोन्हीकडनं रिकाम्या हाताने. झिरो अवर्स करारावर तासांची हमीच नसते, आज नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्याच्या रोटामधे, म्हणजे ड्युटीच्या यादीत, नाव येईल का ही भीती वेगळी. कोविडसाठी पहिल्या दिवसापासून भत्ता देऊ हे मार्चमधेच ठरलं, चांगलं झालं, पण रक्कम तीच राहिली. इंग्लंडमधे कमी कमाईवाल्यांना क्वारंटाइनसाठी ५०० पौंड द्यायला सुरुवात झाली ती २८ सप्टेंबरला, पहिली लाट संपून गेल्यावर. भाडं भरायचं की घसा दुखतोय हे सांगायचं, असा प्रश्न ज्याच्यापुढे आहे त्याला बेजबाबदार म्हणणं अन्यायाचं आहे, आणि तेव्हा तसं म्हटलं गेलं.

धोका कुणाला किती हे मे २०२० मधे आकड्यांत दिसलं. ओएनएसने इंग्लंड आणि वेल्ससाठी काढलेल्या पहिल्या हिशोबात डॉक्टर-नर्स यांचं कोविडने मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या बाकी लोकांपेक्षा जास्त निघालं नाही, पण केअरमधे काम करणाऱ्या बायका आणि पुरुष दोघांचंही निघालं, आणि पुरुषांमधे सिक्युरिटी गार्ड, टॅक्सी आणि बस ड्रायव्हर, शेफ, दुकानातले विक्रेते यांचं बरंच जास्त. लंडनच्या बसचं उदाहरण घ्या, पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरच्या शेजारी कार्ड टेकवायचं, मधे काच आहे पण ती मारहाणीपासून वाचवायला, तिला बोलायला भोकं. ड्रायव्हर मरायला लागले तेव्हा ती भोकं फिल्म लावून बंद केली आणि २० एप्रिलपासून मधल्या दाराने चढायला लावलं. बस-ट्रेनमधे मास्क सक्तीचा झाला तो इंग्लंडमधे १५ जूनला, आणि दुकानांत २४ जुलैला, म्हणजे टिलवरची माणसं चार महिने उघड्या तोंडांसमोर बसली.

यात वंशाचाही प्रश्न होता. सुरुवातीला ज्या दहा डॉक्टरांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या ते सगळे आशियाई, आफ्रिकी, अरब अशा मुळाचे होते. जूनमधे सरकारच्या आरोग्य खात्याच्या अहवालात बांगलादेशी मुळाच्या लोकांना गोऱ्या ब्रिटिशांच्या साधारण दुप्पट धोका दिसला. लोक लगेच रक्तात, जीन्समधे कारण शोधायला लागले, पण कोण टॅक्सी चालवतं, कोण शेफ आहे, कुणाच्या घरात आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं एका बाथरूमवर राहतात हे आधी बघायला हवं होतं असं मला वाटतं.

केअर होमचं प्रकरण सगळ्यात दुःखाचं. हॉस्पिटलमधे खाटा मोकळ्या करायच्या म्हणून म्हाताऱ्या पेशंटना टेस्ट न करताच केअर होममधे पाठवलं गेलं, पाठवायच्या आधी सगळ्यांची टेस्ट हवी हे धोरण आलं १५ एप्रिलला. एजन्सीमार्फत पाठवलेले तात्पुरते लोक आज या होममधे तर उद्या त्या, त्यांच्याबरोबर विषाणूही फिरला. कुठे एप्रन नाहीत म्हणून कचऱ्याच्या पिशव्या अंगात घातल्या, कुठे स्टाफच स्वतःची मुलं घरी ठेवून आठवडेच्या आठवडे होममधे राहायला गेला. एप्रिल २०२२ मधे हायकोर्टाने ते डिस्चार्जचं धोरण बेकायदेशीर ठरवलं, तोवर ज्यांची माणसं गेली ती गेली.

दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन या माणसांसाठी टाळ्या वाजवायचे, २६ मार्च ते २८ मे, दहा गुरुवार, खिडक्यांत पोरांनी काढलेली इंद्रधनुष्यं. टाळ्या मनापासून होत्या यात शंका नाही. जॉन्सनना स्वतःला कोविड झाला, आणि आयसीयूतनं बाहेर आल्यावर त्यांनी ज्या दोन नर्सचे खास आभार मानले त्यातली एक न्यूझीलंडची आणि एक पोर्तुगालचा. पण बाहेरच्या देशातनं आलेल्या नर्स आणि केअर वर्करना, त्यात आपले भारतीय भरपूर, व्हिसाबरोबर वर्षाला ४०० पौंड आरोग्य सरचार्ज भरावा लागायचा, ज्या हॉस्पिटलमधे राबायचं त्याच्याच सेवेसाठी, आणि तो माफ करायचं ठरलं ते २१ मेला, बरीच ओरड झाल्यावर. शिवाय बहुतेक व्हिसांवर सरकारी मदत मिळणार नाही अशी अट, त्यामुळे फर्लोतही नाही आणि नोकरीही नाही असा माणूस अडकला तर त्याचा आधार म्हणजे ओळखीपाळखीचे लोक, मंदिर, गुरुद्वारा.

काम नाकारता येत होतं का? कागदावर हो. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अॅक्टच्या कलम ४४ मधे गंभीर धोका असेल तर कामाची जागा सोडायचा हक्क आहे, पण तेव्हा तो फक्त रीतसर नोकरदारांना होता, गिग म्हणजे सुटी सुटी कामं करणाऱ्यांना आणि एजन्सीवाल्यांना नव्हता. नोव्हेंबर २०२० मधे हायकोर्टाने हे चूक ठरवलं आणि मे २०२१ अखेर कायदा बदलला.

लसीच्या वेळी परत हाच प्रश्न आला. ८ डिसेंबर २०२० ला लस सुरू झाली, केअर होममधले रहिवासी आणि त्यांचा स्टाफ, दवाखान्यातले लोक पुढे होते ते योग्यच, पण बाकी रांग वयाने लावली. बस ड्रायव्हर, शिक्षक, पोलीस, दुकानवाले यांनी कामावरनं नंबर लावायची मागणी केली ती मान्य झाली नाही, वयाने लावलं तर लस भराभर देता येते हे कारण दिलं. आणि २०२१ च्या जानेवारीत नव्या व्हेरियंटमुळे तिसरा लॉकडाऊन लागला तेव्हा हीच माणसं रोज पहाटेची बस पकडत होती.

सिक पेचा नियम बदलायला मात्र पाच वर्षं लागली, २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अॅक्टमधे आजारपणाच्या पहिल्या दिवसापासून भत्ता द्यायची आणि कमाईची खालची मर्यादा काढून टाकायची तरतूद आली.