गोबरगॅसवरच्या भाकरीला शेणाचा वास येतो का?

गोबरगॅसवरच्या अन्नाला शेणाचा वास लागतो, हा समज जुना आहे, आणि त्यापायी चांगली संयंत्रं पडून राहतात हे वाईट.

या गॅसमध्ये सुमारे ५५ ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. कुजका वास येतो तो किंचितशा हायड्रोजन सल्फाइडचा. ज्योतीत तोही जळतो. म्हणून वास आला, तर गॅस न जळता गळतोय असं समजा. आधी ज्योती विझवा, खिडक्या उघडा, मग नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसतील तिथे गळती. ज्योत फडफडत असेल तर बहुधा पाइपात पाणी साचलंय, ते काढून टाका.

खात्रीसाठी एक भाकरी सिलिंडरवर, एक गोबरगॅसच्या निळ्या ज्योतीवर भाजा आणि कुठली कशावरची ते न सांगता घरच्यांना हुंगायला द्या.