डिफरन्शिअल उघडण्यापूर्वी ऐकावे

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीखाली, मग ती जुनी ॲम्बॅसिडर असो वा आजची बोलेरो, ॲक्सलच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगीर भाग दिसतो. तो डिफरन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना जोर देत असतानाच त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे त्याचे काम. या भागातून आवाज येऊ लागला की हौसिंग (बाहेरचे कवच) उघडून क्राऊन-पिनियनची, म्हणजे आतल्या मोठ्या व छोट्या दातेरी चाकांची, जोडीच बदलण्याचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. हे काम खर्चिक आहे आणि पुष्कळदा अनावश्यकही, कारण दोष कुठे आहे हे गाडी चालवताना नीट ऐकल्यास बरेचसे आधीच कळते.

पहिला प्रश्न असा, की आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनाच्या गतीबरोबर? मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेग कायम ठेवून चौथ्या गिअरऐवजी तिसरा टाकावा. इंजिनाचा सूर चढेल. पण मागची घोंघों त्याच सुरात राहिली, तर तिचा उगम गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा दांडा), डिफरन्शिअल, चाकांची बेअरिंग किंवा टायर यांपैकी कशात तरी आहे. क्राऊन-पिनियनच्या दातांचा सूर गणिताने काढताही येतो. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात आहेत आणि टायरचा परीघ २.१ मीटर आहे असे धरले, तर ६० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ ८ फेरे घेते आणि दातावर दात सेकंदाला सुमारे ३२५ वेळा येतो. हार्मोनियमवरील पांढरी तीनच्या अगदी जवळचा हा स्वर आहे. म्हणून दातांचा आवाज गाण्यासारखा, एका सुरातला असतो, तर खराब बेअरिंगचा आवाज जात्यासारखा खरखरीत असतो.

टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर तो वेगळा ऐकू येतो, पण ॲक्सिलरेटर दाबल्याने वा सोडल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. दातांचे याच्या उलट आहे. ॲक्सिलरेटर दाबला की दातांची एक बाजू भार घेते आणि सोडला की दुसरी. त्यामुळे केवळ ओढ असताना किंवा केवळ गाडी मोकळी धावत असताना येणारा सूर क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवतो. गाडी हळूच डावी-उजवीकडे झुलवल्यावर घरघर कमी-जास्त झाली, तर चाकाचे बेअरिंग तपासावे, कारण तेव्हा गाडीचे वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. केवळ वळणावर कडकड होत असेल, तर संशय आतल्या छोट्या गिअरांवर, म्हणजे स्टार पिनियनवर घ्यावा. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके सारख्या गतीने फिरत असल्याने हे गिअर स्वतःभोवती फिरतच नाहीत. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना बसणारा एकच ‘ठक्’ मात्र अनेकदा प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसचा, म्हणजे त्याच्या टोकाच्या सांध्याचा, असतो. क्रॉस बदलणे तुलनेने स्वस्त असल्याने तो आधी पाहावा.

आवाज आणि तेलाची गळती या दोन तक्रारी मला वेगळ्या मानता येत नाहीत. या गाड्यांतले पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेले असते. ही रचना १९२० च्या दशकात अमेरिकेत पॅकार्डच्या मोटारीत आली आणि तिच्यामुळे शाफ्ट व गाडीचा तळ खाली घेता आला; पण दात एकमेकांवर केवळ टेकत न राहता घासत सरकू लागले. एवढ्या दाबाखाली साधे तेल पिळून निघते, म्हणून गंधक-फॉस्फरसची संयुगे घातलेले जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल लागते. ते गळून पातळी खाली गेली की काही काळाने आवाज सुरू होतो.

गळती शोधताना रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असते. तेल पुढच्या तोंडाशी असून वर तळाच्या पत्र्यावर त्याच्या शिंतोड्यांचा पट्टा उमटला असेल, तर पिनियनचे सील (तेल अडवणारी कडी) गेले आहे, कारण फिरणारे फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडण्याची चकती, तेल उडवते. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसल्यास दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. ॲक्सलच्या सीलमधून सुटलेले तेल ब्रेक ड्रममध्ये शिरले की ब्रेक लागेनासा होतो. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लेप आढळणे स्वाभाविक आहे, मात्र बोटांना टोचणारे तुकडे मिळणे नाही. तेल दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी गेले आहे. कोकणात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की तापलेले हौसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते.

सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे ब्रीदर, हौसिंगमधली हवा आत-बाहेर होऊ देणारी छोटी टोपी. तेल ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तर बंद हौसिंगमधील हवेचा दाब जवळपास २० टक्क्यांनी वाढतो. चिखलाने ब्रीदर बुजला असेल, तर हा दाब सीलमधून वाट काढतो, आणि अशा गाडीला नवे सील बसवले तरी ते पुन्हा गळू लागते. म्हणून सील बदलण्यापूर्वी ब्रीदर काढून त्यातून फुंकर मारून पाहावी. पिनियनचे सील बदलताना नटाची मूळ जागा खुणेने नोंदवून घेणेही तितकेच आवश्यक आहे. अनेक गाड्यांत या नटाखाली चेपली जाणारी स्लीव्ह असते आणि नट किती आवळला आहे यावर बेअरिंगवरचा ताण ठरतो. लांब पान्याने जोर लावून तो अधिक आवळला, तर गळती थांबते खरी, पण बेअरिंग तापून लवकर झिजते आणि तीच घरघर ऐकू येऊ लागते.