ग्राप्पा: चोथ्याच्या दारूला द्राक्षाचं नाव कसं मिळालं

द्राक्षांचा रस काढून झाला की मागे साली, बिया आणि थोडे देठ उरतात. उत्तर इटलीत या चोथ्याला विनाच्चा म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चांगली वाइन जमीनमालकाच्या तळघरात गेली आणि कसणाऱ्याच्या वाट्याला चोथा आला. थंडीत अंग तापवायला त्याच चोथ्यातून गाळलेली दारू म्हणजे ग्राप्पा.

नावाबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे. बास्सानो देल ग्राप्पा या गावावरून किंवा शेजारच्या मोंते ग्राप्पा डोंगरावरून ते आलं, असं बरेच जण सांगतात. बास्सानोत पुलाच्या तोंडाशी नार्दिनी घराणं 1779 पासून दारू गाळतंय खरं, पण गावाला ‘देल ग्राप्पा’ ही जोड मिळाली 1928 मध्ये, पहिल्या महायुद्धात डोंगरावर झालेल्या लढायांच्या स्मरणार्थ. दारूचं नाव आलं ते द्राक्षघडाच्या देठासाठी असलेल्या उत्तरेकडच्या बोलींतल्या शब्दावरून.

ही दारू बराच काळ घसा जाळणारी म्हणूनच ओळखली जायची. त्याचं कारण चोथ्याच्या हाताळणीत आहे. लाल वाइनचा चोथा रसाबरोबरच आंबतो, त्यामुळे भट्टीवर येतो तेव्हा त्यात अल्कोहोल असतंच. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबण्याआधीच पिळून वेगळा काढतात, म्हणून तो निराळा आंबवावा लागतो. दोन्ही लवकर गाळले नाहीत, तर बुरशी धरते, आंबूस वास सुटतो. पूर्वी सगळ्या जातींचा चोथा एकाच ढिगात पडून राहायचा. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ला मान आहे, पण चांगला ग्राप्पा गाळणारा पहिली धार बाजूला काढतो, शेवटचीही काढतो आणि फक्त मधली ठेवतो. तिला ते ‘कुओरे’, म्हणजे काळीज म्हणतात.

खरं वळण आलं 1973 मध्ये, ईशान्य इटलीतल्या फ्रिउली भागातल्या पेर्कोतो गावात. बेनितो आणि जानोला नोनिनो या दांपत्याने पिकोलित या एकाच जातीच्या चोथ्याची ग्राप्पा काढली. पिकोलित म्हणजे फार हट्टी वेल: फुलोऱ्यातली बरीच फुलं गळून जातात आणि घडात मोजकेच मणी धरतात. इतका थोडा चोथा कोण वेगळा ठेवणार? जानोला यांनी द्राक्षबागायतदारांच्या बायकांना गाठलं आणि चोथा निराळा ठेवण्याचे जास्तीचे पैसे दिले. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. चव सुधारली ती भट्टीवर नव्हे, अंगणात, चोथ्याचे ढीग वेगळे झाले तेव्हा.

पुढे 1975 मध्ये नोनिनोंनी एक पुरस्कार सुरू केला. स्किओप्पेत्तिनो, पिन्योलो, तात्सेलेंगे या फ्रिउलीच्या जुन्या जाती तेव्हा लागवडीच्या अधिकृत यादीत नव्हत्या आणि संपत चालल्या होत्या. त्या पुन्हा लावणाऱ्यांसाठी हा पुरस्कार होता. नंतर त्या जातींना मान्यता मिळाली आणि आज त्यांची वाइन विकत मिळते. चोथ्याच्या दारूने वेल वाचवले, असं म्हणायला हरकत नाही. 1989 मध्ये युरोपीय नियमांनी ग्राप्पा हे नाव इटलीच्या दारूसाठी राखून ठेवलं. अल्कोहोल किमान 37.5 टक्के हवं.

जात कळली की जोडीला काय घ्यायचं हेही ठरतं. मोस्कातोच्या ग्राप्पाला फुलांचा वास असतो, ती सुक्या बिस्किटांबरोबर छान लागते. नेब्बिओलोची, लाकडी पिंपात मुरलेली ग्राप्पा कडू चॉकलेट किंवा मुरलेल्या चीजसोबत घ्यावी. नेब्बिओलोचीच वाइन, बारोलो, मात्र त्याआधी जेवणात, मंद शिजवलेल्या गोमांसाबरोबर. फ्रिउलीत अक्रोड-मनुका भरून गुंडाळलेल्या गुबाना केकवर ग्राप्पाचा शिडकावा करतात.

आणि बास्सानो ज्या भागात आहे त्या व्हेनेतोत कॉफी संपली की कपाच्या तळाशी उरलेल्या साखरेवर थोडी ग्राप्पा ओततात, कप गोल फिरवून विसळतात आणि ते विसळण पिऊन टाकतात. त्याला ते रेझेंतिन म्हणतात.