घाडगे, यशवंत
घाडगे, यशवंत : (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४). व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे (मरणोत्तर) मानकरी मराठा सैनिक. जन्म तत्कालीन कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते.

दुसऱ्या महायुद्धात ही पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनमधून इटलीत लढत होती. जून १९४४ मध्ये रोम पडल्यावर जर्मन सैन्य एकेक डोंगरधार लढवीत उत्तरेकडे सरकत होते. १० जुलै रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांचा सेक्शन (सैनिकांची लहान तुकडी) अगदी जवळून आलेल्या मशिनगनच्या माऱ्यात सापडला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधील सर्वजण ठार वा जखमी झाले. त्यांनी एकट्यानेच मशिनगनच्या मोर्चावर (ठाण्यावर) धाव घेतली. हातबॉम्बने मशिनगन आणि ती चालविणारा निकामी केला, टॉमी गनने (हातातून चालविण्याच्या स्वयंचलित बंदुकीने) आणखी एकाला टिपले. येथवर त्यांची गन रिकामी झाली. टॉमी गनची मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलताना खटका दाबून जुनी खाली ओढावी लागते व नवी खालून बसवावी लागते. काही सेकंदांचेच काम, पण तेवढी उसंत नव्हती. सुमारे ५ किलो वजनाची ती गन नळीकडून धरून त्यांनी दस्त्याच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. नुकत्याच झडलेल्या गनची नळी हाताला किती पोळते, हे पदकाच्या मानपत्रात अर्थातच येत नाही. त्यानंतर दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांना मरण आले.

घटनास्थळाबाबत मानपत्र फक्त खोऱ्याचा उल्लेख करते. पेरूजा प्रांतातील माँतोने गावाचा परिसर सामान्यतः सांगितला जातो, आणि जुलैच्या पूर्वार्धात डिव्हिजनची चढाई याच भागात चालू असल्याने तो ग्राह्य वाटतो.

पदक नोव्हेंबर १९४४ मध्ये जाहीर झाले. इटलीतील मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांना मिळाले. याच रेजिमेंटचे नामदेव जाधव त्यांत असून ते युद्धातून परतले.

पलटणीचा माग काढताना मात्र घोटाळा होतो. मूळची ११० वी मराठा लाइट इन्फंट्री १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण झाली, तर स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन दुसरी पॅरा (मराठा) म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धात, टांगाईलला हवाई छत्र्यांनी उतरलेली पलटण ती हीच.

ज्यांची कबर ज्ञात नाही अशा सैनिकांच्या कॅसिनो येथील स्मारकावर घाडगे यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. माँतोने येथे जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने उभारलेले स्मारक सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्यावरील लॅटिन बोधवाक्याचा अर्थ ‘सारे एकाच सूर्याखाली’ असा होतो.